चौदाव्या वर्षानंतर काय?

इंदूरच्या जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्या माणसावरही गुन्हा नोंदविण्याचे ठरविले, तेव्हा त्या निर्णयाचे कौतुक झाले आणि त्यावर टीकाही झाली. पुढे मे महिन्यात इंदूर हे भिकारीमुक्त शहर झाल्याची घोषणा झाली. मोहिमेला आरंभ झाला तेव्हा शहरात सुमारे पाच हजार भिकारी होते आणि त्यांत पाचशेच्या आसपास मुले होती, असे प्रशासनानेच सांगितले. त्या मुलांपैकी काहींची नावे शाळेच्या पटावर घालण्यात आली. दया हा गुन्हा ठरावा काय, हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले गेले ते वेगळ्याच गोष्टीकडे. चौकात हात पसरणारे मूल सर्वांच्या डोळ्यांत सलते, म्हणून त्याच्यासाठी आदेश निघतो. त्याच चौकाच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीत कपबश्या विसळणारे, पलीकडच्या गॅरेजात स्कूटरखाली आडवे झालेले, किंवा पाठीवर गोणी टाकून भंगार वेचीत चाललेले मूल मात्र कोणाच्याच डोळ्यांत सलत नाही. ते काम करते, कष्टाचे खाते, मग त्याची काळजी कशाला, अशी आपल्या मनाची सोयीस्कर समजूत असते. ज्याने हात पसरला त्याला निदान शाळेचा पट लाभला. ज्याने हात कामाला लावला त्याच्या वाट्याला काय आले?

इंदूर कोठे आणि आपला समुद्रकाठ कोठे, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु इंदूर मराठी माणसाला परके नाही. मल्हाररावांनी उभे केलेले आणि अहिल्याबाईंच्या पुण्याईने नावारूपास आलेले ते राज्य. पेशवाईत आणि नंतरही कोकणपट्टीतून कितीतरी घराणी माळव्यात गेली आणि तिथलीच झाली. आमच्या वाचकांपैकी अनेकांची आत्या किंवा मावशी इंदुरात दिलेली असेल, आणि सुटीत तिच्याकडे जाऊन सराफ्यात रात्री पोटभर खाऊन आल्याच्या आठवणी त्यांच्यापाशी असतील. त्या सराफ्याचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून हे सांगितले. 

इंदूरने स्वच्छतेत देशात नाव काढले. २०१७ पासून राष्ट्रीय सर्वेक्षणात त्या शहराचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षे कोणी हिरावून घेऊ शकलेले नाही. मात्र याच शहरात त्याआधी बरोबर शंभर वर्षे एक निराळाच स्वच्छतेचा सोहळा झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नगररचनेचे जगद्विख्यात अभ्यासक पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी बोलाविले होते. प्लेगने शहर ग्रासलेले. गेडिसनी १९१७ च्या दिवाळीत एक मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की, मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या गल्ल्या लोक सर्वांत स्वच्छ करतील त्यांतून ती जाईल. झाले, गावभर झाडलोट सुरू झाली, घरे रंगली, वर्षांचे उकिरडे उपसले गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, लक्ष्मीचा रथ होता. आणि शहराचे झाडूवाले शुभ्र नवे कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालले होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. १९१८ साली गेडिसनी दरबाराला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल आजही नगररचनेचे विद्यार्थी वाचतात.

या गृहस्थांचे शिक्षणाविषयीचे मत प्रसिद्ध आहे. हृदय, हात आणि मस्तक, या तिघांचे शिक्षण झाले पाहिजे, आणि तेही याच क्रमाने, असे ते म्हणत. आपल्या देशाने मस्तकाला सर्व मान दिला आणि हाताला सर्व काम दिले. मस्तकवाल्यांची मुले शाळेत, हातवाल्यांची मुले कामावर, अशी वाटणी करून आपण मोकळे झालो. गेडिसनी झाडूवाल्याला एक दिवस मिरवणुकीत पुढे चालविले. त्याच्या मुलाचे काय, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही तिथेच आहे.

इंदूरच्या त्या मुलाची गोष्ट समजून घ्यायची तर तिथल्या गिरण्यांची गोष्ट सांगावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत माळवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्यांनी या शहराचे रूप पालटले. माळव्याची काळी जमीन, तिच्यातला कापूस आणि सर सेठ हुकुमचंदांसारख्यांचे भांडवल यांतून एक कामगारनगरी उभी राहिली. परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या आणि भोंग्यावर झोपल्या. गिरणी काही स्वर्ग नव्हती. मुले तिथेही राबत. ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिल्या कारखाना कायद्याने, म्हणजे १८८१ साली, सात वर्षांचे मूल कामाला लावण्यास मुभा ठेवली होती. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊवर गेली, १९२२ मध्ये बारावर आली आणि बारा ते पंधरा या वयाच्या मुलांसाठी दिवसाला सहा तासांची हद्द घातली गेली. संस्थानी मुलखात हे कायदे आपोआप लागू नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात घ्यायचेच नाही, हे ठरायला १९४८ साल उजाडावे लागले. तरीही गिरणीत एक गोष्ट होती. तिथे दारावर नोंदवही होती, तपासनीस होता, संघटना होती, आणि बापाचा पगार ठरल्या तारखेला घरात येत होता. ज्या घरात बापाचा पगार येतो त्या घरातले मूल शाळेत जाण्याची निदान शक्यता असते.

डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. इतर गिरण्याही एकामागून एक निजल्या. हुकुमचंदच्या कामगारांची थकबाकी मिळण्यासाठी जो लढा चालला तो बत्तीस वर्षे चालला. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. अनेकांच्या बाबतीत तो हाती घेण्यास वारसच उरले होते. या बत्तीस वर्षांचा हिशेब आपण करतो तो रुपयांत. परंतु १९९१ साली ज्याचे वय दहा होते, त्या मुलाच्या दृष्टीने हा हिशेब करून पाहावा. बापाचा पगार थांबला त्या महिन्यात तो चौथी-पाचवीत असेल. पैसे आले तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा प्रौढ होता. मधल्या काळात त्याचे शिक्षण कोणी केले असेल? बहुधा कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या उस्तादाने.

हे उस्ताद म्हणजे आपल्या देशातील सर्वांत मोठे तंत्रशिक्षण खाते आहे, असे आम्ही थट्टेने म्हणत नाही. उस्ताद ओरडतो, 'दहा-अकराचा दे', आणि पोरगा न बघता हत्यारांच्या ढिगातून नेमका तोच पाना काढून देतो. त्याला दहा आणि अकरा हे आकडे कागदावर ओळखता येतील की नाही, याची खात्री नाही. पण बोटांनी तो मिलीमीटर ओळखतो. इंजिनाचा आवाज ऐकून कोठे बिघाड आहे हे तो दोन वर्षांत सांगू लागतो. भंगार वेचणारे मूल प्लॅस्टिकचा तुकडा चुरगाळून, वाकवून, त्याच्या आवाजावरून तो कोणत्या भावाचा माल आहे हे सांगते. चहावाल्या पोराला वीस गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ असते. हे सगळे ज्ञानच आहे. फक्त त्याला दाखला नाही, आणि या देशात ज्याला दाखला नाही ते ज्ञान नव्हे.

इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी आमच्या वाचकांपैकी काहींना आठवत असतील. फुटके तुकडे, वाळकी पाने, चिंध्या, मोडके डबे यांतून ते चेहरे, पशू, पक्षी साकारीत आणि मुलांनाही तसे पाहावयास शिकवीत. टाकाऊ म्हणून फेकलेल्या वस्तूत रूप असते, ते पाहणारा डोळा हवा, हा त्यांच्या कलेचा सगळा मर्म. त्याच शहराच्या उकिरड्यावर ज्या मुलांनी टाकाऊ वस्तू हाताळीत बालपण काढले त्यांच्याकडे आपण त्या डोळ्यांनी कधी पाहिले नाही. आता घरोघरी घंटागाडी जाते, कचरा वर्गवारी होऊनच बाहेर पडतो, आणि पूर्वीच्या कचरावेचकांपैकी प्रौढांना वर्गीकरणाच्या केंद्रांवर काम मिळण्याची वाट निघाली. हे चांगलेच झाले. अल्पवयीन मुलाला त्या केंद्रावर घेता येणार नाही, हेही योग्यच. पण उकिरडा गेला आणि केंद्राचे दार बंद, तर ते मूल गेले कोठे? ते शाळेत गेले असे समजणे सुखाचे आहे. ते एखाद्या टपरीत, ढाब्यावर, शेवचिवड्याच्या भट्टीपाशी गेले असण्याचाही संभव आहे, आणि तिथे ते कोणाच्याच यादीत नसते.

याद्यांचीही गंमत आहे. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षे वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करताना आढळली. मध्य प्रदेशात ती सुमारे सात लाख होती. हे वाचून मराठी वाचकाने त्या राज्याकडे बोट दाखवू नये, कारण महाराष्ट्रातली संख्या त्याहून थोडी अधिक, ७ लाख २७ हजार इतकी होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. तेव्हा ही मोजदाद ज्यांची झाली ती मुले आज संसारी झालेली आहेत आणि आपण अजून त्यांचेच आकडे उगाळीत आहोत.

आता कायद्याकडे वळू. चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत कायदा आज निःसंदिग्ध म्हणावा इतका स्पष्ट आहे. १९८६ च्या कायद्याने काही धंद्यांतच बंदी घातली होती; २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व धंद्यांना लागू केली. त्यात घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करण्याची सवलत ठेवली आहे, आणि ही सवलत म्हणजे कुंपणातले भगदाड आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काका, मामा, गाववाला हे सगळे या देशात घरचेच असतात. मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड आहे. त्याच्या आधी, १० डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या मुलांच्या खटल्यात सांगितले होते की, धोकादायक कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने वीस हजार रुपये भरावेत, सरकारने घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावे अथवा पाच हजार भरावेत, आणि त्या पंचवीस हजारांच्या व्याजावर मुलाचे शिक्षण व्हावे. त्या काळच्या दहा-बारा टक्क्यांनी हे व्याज महिन्याला दोन-अडीचशे रुपये होते. तेवढ्यावर घरातल्या कमावत्या मुलाची जागा भरून निघत नाही, हे न्यायमूर्तींना कळत नव्हते असे नाही. निदान कोणीतरी हिशेब मांडला, हे महत्त्वाचे. आणि शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की, उशिरा शाळेत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे, त्याची मागची तयारी वेगळ्याने करून घ्यावी, आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण त्याला मोफत द्यावे. ही शेवटची ओळ किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहे? पंधरा वर्षांचा मुलगा दारात उभा राहिला की त्याला परत पाठविण्याची रीत सर्वत्र दिसते, आणि ती या कायद्याच्या विरुद्ध आहे.

खरी अडचण चौदाव्या वर्षी सुरू होते. कायद्याच्या भाषेत मूल त्या दिवशी 'किशोर' होते. खाणी, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ, आणि कारखान्यांतल्या धोक्याच्या प्रक्रिया सोडल्या तर त्याला काम करता येते. शिक्षणाची सक्ती संपलेली असते. आता त्याने धंदा रीतसर शिकावा म्हटले तर सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था त्याच वयापासून, चौदापासून, प्रवेश देते. कागदावर किती सुरेख जुळणी आहे! परंतु संस्थेच्या खिडकीवर प्रश्न येतो: दहावीचा दाखला आहे? बहुतेक धंद्यांना दहावी लागते. वेल्डर, सुतार, नळकाम, तारकाम अशा थोड्यांना आठवी चालते. मोटार दुरुस्ती शिकायची तर दहावी पाहिजे. म्हणजे ज्या पोराने पाच वर्षे गॅरेजात काढून मोटार उघडून पुन्हा बसविण्याची विद्या हस्तगत केली, नेमके त्यालाच मोटारीच्या वर्गात जागा नाही. आणि ज्याने कधी हाताला ग्रीस लागू दिले नाही तो दहावीच्या गुणपत्रिकेवर आत जाऊन पहिल्या दिवशी पान्याचे नाव शिकतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, पण तीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनावर त्याची सक्ती नाही. उस्ताद आणि तीन पोरे यांच्या दुकानाला तो विचारीतच नाही. आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना सरकारने काढली, पण तिचा रोख प्रौढ कामगारांवर. मधली चार वर्षे कोणाचीच नाहीत.

म्युनिचमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला होता. तिथली प्राथमिक शाळा चौदाव्या वर्षी सुटे आणि सैन्यभरती पुढे विशीला; मधल्या काळात कामगाराचे पोर कोणाच्या हवाली? त्या शहराचे शिक्षणप्रमुख गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांनी १९०० च्या सुमारास उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी पुढच्या शाळा काढल्या आणि त्या सक्तीच्या केल्या. सुताराच्या पोरांसाठी सुतारकामाभोवती बांधलेली शाळा, छापखान्याच्या पोरांसाठी छपाईभोवती बांधलेली. आठवड्यातले ठरावीक तास मालकाने पोराला सोडायचे, ते उपकार म्हणून नव्हे, कायदा म्हणून. जर्मनीच्या कारागिरीचे आपण एवढे गोडवे गातो, तिच्या पायात हे तास आहेत.

आणि आपल्याकडे? आमच्या वाचकांस नवल वाटेल, पण तास आपल्याही कायद्यात आहेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला दिवसाला विश्रांतीसह सहा तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात अजिबात देता येत नाही. आणि मालकाने त्याची नोंदवही ठेवली पाहिजे. हेच ते सहा तास, जे १९२२ साली गिरणीतल्या पोरासाठी ठरले होते. कायद्याप्रमाणे पाहिले तर सकाळी आठ-नऊला कामाला लागलेला या देशातला प्रत्येक किशोर दुपारी दोन-तीननंतर मोकळा असला पाहिजे. प्रत्यक्षात काय आहे हे सांगायला तपासनीस नको. सराफ्यातल्या दागिन्यांच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे रात्री नऊच्या सुमारास खाऊगल्ली उभी राहते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गजबजते. तिथे कोणी अठरा वर्षांखालचा पोरगा प्लेटा उचलताना दिसला तर तो बेकायदा आहे, मग त्याचे वय पंधरा असो वा सतरा. आपण भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खाऊन, त्याच्या हातात रिकामी प्लेट देऊन, गाडी पकडतो. आम्हीही असे केलेले आहे, हे कबूल करून टाकलेले बरे.

म्हणजे नवा कायदा नको आहे. मजूर खात्याच्या कायद्यात तास आहेत आणि शिक्षण खात्याच्या हाती शाळा आहे; पण ही दोन खाती एकाच सचिवालयात बसून एकमेकांशी बोलत नाहीत. किशोराला कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: हा मुलगा कोणत्या वर्गाला जातो? रकाना कोरा तर परवाना कोरा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने चौदा वर्षांवरील शिक्षणवंचितांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष अशा तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. त्या चढवून घेण्याचे वर्ग शाळांच्या रिकाम्या खोल्यांत दुपारी तीननंतर भरविता येतील. प्रशिक्षण संस्थेने दहावीच्या दाखल्याऐवजी हाताची परीक्षा घ्यावी. पोरापुढे बिघडलेले इंजिन ठेवा, तो काय करतो ते पाहा, आणि आत घ्या. अक्षरे त्याला आत शिकवा.

याला एक आक्षेप आहे आणि तो क्षुल्लक नाही. गरिबाच्या पोराला धंदा शिकवा असे श्रीमंताने म्हणावे, यात गरिबाने गरीबच राहावे अशी सोय दडलेली असते. स्वतःच्या मुलाला डॉक्टर, झाडूवाल्याच्या मुलाला 'कौशल्य'. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळा अर्धा दिवस ठेवून उरलेला अर्धा दिवस मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना काढली. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे काय, असा प्रक्षोभ उसळला. योजना वर्षभरात गुंडाळावी लागली, आणि कामराज मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी उलट दिशेने जाऊन मुलांना शाळेत जेवू घातले. आम्ही या वादात कामराजांच्या बाजूचे आहोत. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेली नई तालीम सर्वांच्या मुलांसाठी होती, तरी टकळी शेवटी गरिबाच्याच शाळेत फिरली आणि भद्रलोकांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. इंदूरजवळच्या कस्तुरबाग्रामात त्या विचाराची एक पणती अजून तेवते आहे. म्हणूनच आम्ही सीमारेषा स्पष्ट आखतो. चौदा वर्षांपर्यंत फक्त शाळा. त्या वयाच्या मुलाला 'प्रशिक्षण' या नावाखाली कोणी एक तासही राबवू नये, मग ती संस्था कितीही सेवाभावी असो. चौदानंतर ज्याच्या घराला त्याच्या कमाईविना चालत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग. आणि त्या मार्गाचे पुढचे टोक पदविका व पदवीपर्यंत उघडे असले पाहिजे. तो वेल्डर होवो, पण वेल्डरच राहण्याची सक्ती त्याच्यावर नको.

मराठी मुलखात अशा प्रयत्नांची परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रीची शाळा उघडली, तेव्हा तिची वेळ शिकणाऱ्याच्या सोयीने ठरविली होती. आपल्या शाळांना हे साधे शहाणपण अजून आलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूजवळ कोसबाडला, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहिल्यावर शाळाच कुरणात नेली. मुंबईत गिरणगावाच्या वस्तीत वरळीला १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला आणि शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती यांच्या प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकविले. हात आधी, पुस्तक मागून. हे सर्व प्रयोग यशस्वी म्हणून गौरविले गेले आणि प्रयोग म्हणूनच ठेवले गेले. आपल्याकडे प्रयोगाला पारितोषिक देणे हा तो सार्वत्रिक न करण्याचा सभ्य मार्ग आहे.

इंदुरात एक अडचण आणखी आहे, जी बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. बांधकामावर येणारी पुष्कळ कुटुंबे झाबुआ, अलिराजपूर, निमाड भागातली. घरची बोली भिली नाहीतर भिलाली, शाळेची भाषा हिंदी. होळीच्या आधी भगोरियाला ती गावी परततात आणि पुन्हा दुसऱ्याच कामावर, कदाचित गुजरातेत, जातात. शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, मजुराचे वर्ष दिवाळीनंतर. या दोन पंचांगांचा मेळ बसविल्याशिवाय पटावरचे नाव पटावरच राहते.

आणि हे वाचून आपण निश्चिंत होऊ नये. गोव्याने २००३ साली स्वतःचा बालकायदा केला, तो देशात वाखाणला गेला. तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांच्या मागच्या दारी, मासळीच्या बर्फाच्या पेट्यांपाशी कोणाची मुले असतात ते आपण रोज पाहतो. कधी ती सीमेपलीकडून कर्नाटकातून आलेली असतात, कधी थेट उत्तरेतून. त्यांची भाषा आपल्या शाळेत नसते म्हणून ती आपली मुले नव्हेत, असे आपण धरून चालतो. इंदूरच्या लोकांनी अलिराजपूरच्या पोरांविषयी तेच धरले आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत लेथ आहेत, वेल्डिंगचे संच आहेत, उघडून ठेवलेली इंजिने आहेत. सगळे जनतेच्या पैशाचे. कार्यशाळा दिवसा चालतात आणि संध्याकाळी बहुतेक ठिकाणी त्यांना कुलूप लागते. गॅरेजातला पोरगा तेव्हा अजून कामावर असतो. कायद्याने ठरविलेल्या सहा तासांनंतर त्याला सोडण्याची सक्ती मालकावर झाली आणि त्या कुलपाची किल्ली रात्री नऊपर्यंत एखाद्या निदेशकाच्या हाती राहिली, तर येत्या जूनपासूनच पहिली तुकडी बसू शकेल. निदेशकाला जादा वेतन द्यावे लागेल, हे आम्ही जाणतो. ते किती होईल याचा अंदाज मध्य प्रदेश सरकारने आणि आमच्याही सरकारने येत्या अंदाजपत्रकापूर्वी मांडावा.